पायरीखाली थांबलेले पाणी

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत शिरले आणि आमच्या दाराच्या दोन घरे अलीकडे येऊन थांबले. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते. दोन दिवस आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवत होतो, आणि दर तासाला फूट आणि इंच विचारत होतो.

दोन घरांपलीकडच्या काकू आमच्याकडे राहायला आल्या. ओल्या लुगड्याचा बोळा हातात धरून त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचं दार वाचलं, लई बरं झालं बघा." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. रात्री पत्नीने विचारले, तेव्हा "कसंतरीच व्हायलंय" एवढेच मी म्हणालो.

आपल्याकडे हा शब्द फार सोयीचा आहे. पोट बिघडले, बदलीचा हुकूम आला किंवा जुना मित्र भेटून गेला, तरी "कसंतरीच" होते. त्याहून थोडे पुढे जायचे झाले, तर कालवाकालव हा शब्द हाताशी असतो, आणि तो सरळ स्वयंपाकघरातून आलेला आहे. पण भातावर तांबडा रस्सा ओतून, वर थोडा पांढरा घालून कितीही कालवले, तरी खाणाऱ्याच्या जिभेला मिरची वेगळी कळते आणि नारळाचे दूध वेगळे कळते. मनातल्या कालवणाच्या बाबतीत मात्र आपण चव न घेताच ताट सारून देतो.

त्या रात्री झोप नव्हतीच, म्हणून मी चव घेत बसलो. सुटकेची भावना सर्वांत वर होती. तिला ओळखायला कष्ट पडले नाहीत. तिच्या खाली लाज होती. नाट्यशास्त्रात भरताने जे 33 व्यभिचारी, म्हणजे मनात येऊन-जाऊन असणारे, भाव सांगितले आहेत त्यांत व्रीडा आहे, पण ती अनुचित वागण्यातून उपजणारी लाज. मी तर काहीच केले नव्हते, केवळ माझे जोते चढावर होते. आणखी खाली जे सापडले ते कागदावर उतरवताना आजही हात अडखळतो. ती किंचित निराशा होती. एवढे डबे चढवले, एवढी धावपळ केली, आणि पाणी आलेच नाही! कुंभार गल्लीत गणेशोत्सवासाठी घडवलेल्या मूर्ती भिजून चिखल होत असताना आपल्याला असे काही वाटावे, हे कळल्यावर मघाची लाज दुप्पट झाली, पण निदान आता तिला कारण मिळाले.

संस्कृत काव्यशास्त्रात दोन भाव एकत्र येण्याला भावसंधी म्हणतात, आणि अनेक भाव एकापाठोपाठ एक, आधीच्याला रेटत उसळतात, त्याला भावशबलता. शबल म्हणजे चित्रविचित्र रंगांचा, कबरा. मला हा शब्द कालवाकालवीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण कबऱ्या गाईच्या अंगावरचे पांढरे आणि काळे एकमेकांत विरघळत नाहीत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. रागावलेले किंवा घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेला शब्द निवडायला सांगितले, की पाहणाऱ्याच्या मेंदूतल्या भीतीशी निगडित अशा अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते, असे त्यांना दिसले. माझी खळबळ किती इंचांनी उतरली ते सांगता येणार नाही. पहाटे डोळा लागला, एवढे खरे.

पाणी ओसरल्यावर काकूंच्या घरातला गाळ काढायला आम्ही सगळे गेलो. त्या आपल्या घरी परतल्या, त्या संध्याकाळी आमची बाहेरची खोली मोकळी झाली आणि मला हायसे वाटले. त्यापाठोपाठ, पाय पसरून बसायच्या आतच, चुटपुट आली. मी पत्नीला दोन्ही नावे सांगितली. ती म्हणाली, "तिसरंबी असंल बघा." मग तिने काकूंचा विसरलेला तांब्या घासून माझ्या हातात दिला आणि तो द्यायला मला पाठवले.