डिस्चार्ज बुकातली राहिलेली ओळ

फौजेत मी क्लार्क होतो. जवान आम्हाला 'बाबूजी' म्हणायचे आणि निवृत्तीनंतरही ती हाक सुटली नाही. नागपूरला परत आल्यापासून आठवड्यातले तीन दिवस मी माजी सैनिकांच्या एका संघटनेच्या खोलीत बसतो. सीताबर्डीच्या किल्ल्यापासून दहा मिनिटं चालत गेलं की ती खोली लागते. एक टेबल, दोन कपाटं, एक कूलर. लोक पेन्शनची तक्रार घेऊन येतात, बायकोच्या नावातली चूक घेऊन येतात, मुलीची जन्मतारीख राहिली म्हणून येतात. पदकासाठी फारसं कोणी येत नाही.

म्हणून त्या मे महिन्यातल्या सकाळी आलेले म्हातारे नवराबायको लक्षात राहिले. उमरेडकडच्या गावाहून पहिल्या एसटीनं निघून गणेशपेठ स्टँडवर उतरले होते आणि तिथून उन्हात पायी आले होते. काका डाव्या पायानं किंचित लंगडत होते. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारी सेवेच्या नोंदींची वही, काढलं आणि पदकांचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर शाखेतला जवान, म्हणून १९६८ साली भरती, १९८४ साली नायक म्हणून पेन्शनवर घरी. संग्राम मेडल होतं. स्वातंत्र्याच्या २५व्या वर्षाचं मेडल होतं, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ ला जो फौजेत होता त्या प्रत्येकाचं. नऊ वर्षांच्या सेवेचं होतं. 'पूर्वी स्टार' हे पदक मात्र नव्हतं.

"मी बांगलादेशात होतो जी," काका म्हणाले. एवढंच. पुढचं काकूंनी सांगितलं.

"शाळेत झेंड्याले गेलते. तिथं एक रिटायर झालेला पोरगा म्हने, काका, तुमचा स्टार कुठी हाय? स्टार नाई म्हंजे तुमी मांगंच होते. चारचौघात म्हनला. तवापासून यायनं पेटीच नाई उघडली. दोन साल झाले. पंधरा ऑगस्टले घरीच बसते."

सिव्हिलमधल्या माणसाला यातलं दुखणं चटकन कळणार नाही. १९७१ च्या लढाईत जे पूर्वेच्या रणक्षेत्रात होते त्यांना पूर्वी स्टार, जे पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. संग्राम मेडल त्याहून कितीतरी अधिक जणांना मिळालं. त्यामुळे ज्याच्या छातीवर संग्राम आहे पण स्टार नाही, तो लढाईच्या वेळी दूर कुठेतरी होता, असाच अर्थ कोणताही फौजी लावतो. त्या पोरानंही तोच लावला. पदकाच्या भाषेत तो बरोबरच बोलला होता, आणि म्हणून ते जास्त लागलं.

मी विचारलं, "काका, पदकच हवं असेल तर..." मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"विकत नाई घ्याचा बाबूजी. कामठीच्या दुकानात भेटते मले मालूम हाय. पोरगा आनतो म्हनत होता. वहीत लिवलेलं नाई, तर छातीवर कसा लावू?"

अनेक जण विकत घेतात, आणि त्यात काही वाईट नाही. खरं पदक हातात पडायला वर्षानुवर्षं लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते वहीत नोंद असलेल्यांनी करायचं. काकांना ही सीमा पक्की माहीत होती. त्या क्षणी मी ठरवलं की हे काम मी करणार.

सैनिकांच्या सेवेची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला. तीन महिन्यांनी उत्तर आलं: उपलब्ध नोंदींनुसार पूर्वी स्टार दिल्याची नोंद आढळत नाही. मी चिडलो. नोंद नाही म्हणूनच तर अर्ज केला होता. रात्री घरी पुन्हा वाचताना मात्र कळलं की चूक माझी होती. मी विचारलं होतं, यांना पूर्वी स्टार दिला आहे का. त्याचं खरं उत्तर 'नाही' हेच होतं. विचारायला हवं होतं ते वेगळंच: ३ ते १६ डिसेंबर १९७१ या काळात हा माणूस कुठे होता?

काकांना फोन करून म्हटलं, घरातला प्रत्येक जुना कागद घेऊन या. ते पत्र्याची पेटीच घेऊन आले. पेटीत तळाशी आईनं जपून ठेवलेली त्यांची पत्रं होती. त्यात एक अंतर्देशीय, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'मार्फत ९९ एपीओ', म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. कामठीला आर्मी पोस्टल सर्व्हिसचं सेंटर आहे, त्यामुळे आमच्याकडच्या फौजी घरांत हे आकडे बोलण्यात असतात. पश्चिम आणि उत्तरेकडची टपाल ५६ एपीओला, पूर्वेकडची ९९ ला. पत्रात लढाईबद्दल अक्षर नव्हतं. भात कापून झाला का, आणि बैलाचा पाय बरा आहे का, एवढंच. रेकॉर्ड ऑफिस अशा पत्रावर पदक देत नाही. पण मला स्वतःला ते पुरेसं होतं.

मग मी पायाचं विचारलं. पन्नास वर्षं त्यांना ते कोणी विचारलंच नव्हतं बहुतेक.

आताच्या बांगलादेशातलं जेसोर ७ डिसेंबरला हाती आलं होतं. मागे हटताना पाकिस्तानी फौजेनं रस्त्यावरचे पूल उडवले होते आणि सॅपर लोक रात्री बेली ब्रिज, म्हणजे तयार लोखंडी पॅनेल जोडून उभारायचा पूल, टाकत होते. बेलीचं एक पॅनेल २५० किलोच्या वर असतं. सहा जण दांडे घालून ते उचलतात, सहाही जणांचे पाय एका तालात पडावे लागतात. ९ तारखेच्या रात्री, दिवा लावायची परवानगी नाही, खाली चिखल. पुढचा एक घसरला. पॅनेल काकांच्या पायावर आलं. "हाडं वाजल्याचं ऐकू आलं जी," ते शांतपणे म्हणाले. फील्ड अॅम्ब्युलन्स, आणि तिथून कलकत्त्याचं कमांड हॉस्पिटल. ढाक्यात १६ तारखेला शरणागती झाली ते त्यांनी वॉर्डातल्या रेडिओवर ऐकलं.

काकू हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना पाय 'ड्युटीवर' मोडला एवढंच माहीत होतं.

मला धागा सापडला. जखम झाली म्हणजे इंज्युरी रिपोर्ट झाला असणार, आणि त्या फॉर्मात जखम कधी आणि कुठे झाली हे लिहावंच लागतं. दुसऱ्या अर्जात मी पदकाचा शब्द शेवटच्या परिच्छेदात ठेवला. आधी मागितलं ते इंज्युरी रिपोर्टची प्रत, मेडिकल बोर्डाचे कागद आणि डिसेंबर १९७१ ते १९७३ मधल्या पार्ट टू ऑर्डरींचा, म्हणजे जवानाच्या बदली, हॉस्पिटल वगैरेच्या युनिटनं काढलेल्या नोंदींचा, उतारा. काकांना पेन्शन होती हे नशीब. बिनपेन्शनच्या माणसाची कागदपत्रं डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, मग मागे राहतो तो फक्त लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची थोडक्यात नोंद असलेलं कायमचं रजिस्टर.

पाकीट आलं नोव्हेंबरात. मी ते उघडलं नाही. काकांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर फोडलं. इंज्युरी रिपोर्टची छायाप्रत पुसट होती, पण तारीख वाचता येत होती, ठिकाणही. त्याखालच्या उताऱ्यात एक ओळ होती. जानेवारी १९७२, हॉस्पिटलमध्ये असल्यामुळे युनिटमधून एसओएस. स्ट्रक ऑफ स्ट्रेंथ. युनिटच्या संख्येतून नाव कमी.

ती ओळ वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पुढचं सगळं मला दिसत होतं, कारण तसल्या याद्या मी स्वतः केल्या आहेत. पदकं जाहीर झाली लढाईनंतर. तेव्हा कुठल्यातरी क्लार्कनं पात्र माणसांचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, केला आणि समोर असलेल्या हजेरीवरून केला. काका त्या हजेरीत नव्हतेच. बरे झाल्यावर ते वेगळ्या युनिटला गेले, आणि ते युनिट लढाईत पूर्वेला नव्हतं. तिथल्या क्लार्कनं सगळ्यांबरोबर त्यांना संग्राम लिहिलं. स्टारचं आधीच्या युनिटनं केलं असेल, असं त्याला वाटलं असणार. कोणी खोटं लिहिलं नाही. दोन क्लार्कांच्या मधल्या जागेत एक माणूस पडला.

मी बावीस वर्षं पार्ट टू ऑर्डरी टाइप केल्या. त्यातल्या किती याद्या मी अशा हजेरीवरून उतरवल्या? किती वेळा 'एसओएस' असलेल्या नावावर पट्टी ठेवून पुढच्या ओळीवर गेलो? मला आठवत नाही. काकांना मी हे सांगितलं, आणि माफी मागितली. ते गडबडून गेले. "तुमी कायले जी? तुमी तं तवा शाळेत असान."

पुढचं रटाळ आहे, थोडक्यात सांगतो. प्रतिज्ञापत्र, फोटो, बँकेच्या पासबुकाची प्रत, तीन स्मरणपत्रं, दोनदा फोनवर वाद. पुढच्या जुलैत मूळ डिस्चार्ज बुक रजिस्टर पोस्टानं परत आलं. पदकांच्या पानावर, जुन्या तीन ओळींखाली, नव्या शाईत चौथी ओळ: पूर्वी स्टार. शेजारी ऑर्डरचा नंबर, सही, गोल शिक्का. खुद्द पदक अजून आलेलं नाही. ते केव्हा येईल सांगता येत नाही.

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. एकदा वाचलं. मग म्हणाले, माझ्या नंबरसकट वाचा. सर्व्हिस नंबर, रँक, नाव, पूर्वी स्टार. काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

"आता कामठीच्या दुकानातून आना म्हना पोराले," काका म्हणाले. "आता चालते."

उठताना ते दारात थांबले.

"बाबूजी, पॅनेल दोघायच्या पायावर आलतं. दुसरा भंडाऱ्याकडचा. त्याचंबी नाव त्या यादीत नसन मंग?"

मी विचारलं, ते कुठे असतात. वारले, बारा वर्षं झाली. पेन्शन? नाही. लढाईनंतर दोन वर्षांत घरच्या अडचणीनं नाव कापून, म्हणजे फौज सोडून, आले होते. मुलगी तुमसरला दिली आहे.

म्हणजे शीट रोल, त्यांच्या सेवेची मूळ कागदपत्रं, गेला, इंज्युरी रिपोर्ट गेला. काकांना पुन्हा खुर्चीवर बसवलं आणि नवा कागद घेतला. वर लिहिलं, लाँग रोलचा उतारा मिळण्याबाबत.

"त्यांचा नंबर आठवतो का?"

काकांनी डोळे मिटले आणि न अडखळता सांगितला.