अर्धी वटी कुटकीची

भैषज्यकल्पनेच्या, म्हणजे आयुर्वेदिक औषधं बनवण्याच्या, प्रात्यक्षिकात आरोग्यवर्धिनी ही वटी (गोळी) करायची ठरली, तेव्हा सगळ्यांना धास्ती होती ती कज्जलीची, म्हणजे पारद (पारा) आणि गंधक एकत्र घोटून होणाऱ्या काळ्या पुडीची. ती घोटून घोटून निश्चंद्र झाली एकदाची, पाऱ्याची चमक पार गेली. घाम काढला तो कुटकी या कडू मुळीने. हिशेबच तसा आहे: पारद, गंधक, लोह, अभ्रक, ताम्र प्रत्येकी १ भाग, त्रिफळ्यातलं प्रत्येक फळ २ भाग, शिलाजीत ३, गुग्गुळ ४, चित्रकमूळ ४. बेरीज २२. आणि एकटी कुटकी २२ भाग!

पोत्यातला माल आधी निवडायला बसलो. कुटकी हिमालयात साधारण ३००० मीटरच्या वर उगवते आणि बरीचशी रानातूनच खणून आणतात, त्यामुळे माती, खडे, भलत्याच मुळ्या सोबत आल्या होत्या. खरा तुकडा बोटाहून बारीक, करडा-तपकिरी, अंगावर आडवी वळी. मोडला की कट्कन तुटतो. आत काळा, त्यात पांढुरक्या ठिपक्यांचं कडं. शंका आली की टोक जिभेला लावायचं. पाच-सहा तुकड्यांनंतर जिभेचा काही भरवसा उरला नाही, मग मोडूनच बघू लागलो. औषधी भाग जमिनीतलाच, म्हणजे खणलं की बहुधा झाडच गेलं. १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचं (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) नियंत्रण आहे ते उगाच नाही. खाली सांडलेले तुकडेसुद्धा वेचून घेतले.

कुटताना खरी मजा. तोंडाला फडकं बांधूनही बारीक धूळ घशात उतरली आणि नुसता आवंढा गिळला तरी कडू. साबणाने हात धुऊन डबा उघडला, तर पोळीही कडू! वस्त्रगाळ करताना चाळणाऱ्याजवळ कोणी उभं राहीना.

पुढे कडुनिंबाच्या पानांच्या रसाची दोन दिवस भावना, म्हणजे रस घालून घोटणं. कडूवर कडू. रसात भिजवलेला गुग्गुळ बत्त्याला असा चिकटला की खल बत्त्यासकट उचलला जाई. थोडा थोडा रस घालत घोटत राहिलं की हळूहळू चकाकी येते आणि गोळा कडा सोडतो. बोटांत वळून बघितला, चिकटला नाही, भेगाही पडल्या नाहीत. मग २५० मिलिग्रॅमच्या वट्या वळायला घेतल्या.

सावलीत वाळल्यावर प्रत्येकीचं वजन थोडं उतरलं. ते धरून ओल्या गोळीचं माप वाढवायला हवं, हे सरांनी वहीत लिहून घ्यायला लावलं.