आमची वाटचाल : मळ्यातून थेट ग्राहकाच्या दारी

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात असलेली आमची वायनरी लहान आहे आणि तिचा मुख्य आधार म्हणजे मळ्यावर येऊन वाईन चाखणारे पाहुणे. त्यांतील बरेच जण परराज्यांतून येतात आणि घरी परतल्यावर तीच वाईन पुन्हा मागवतात. ही साधी मागणी पुरवणे हेच आमच्या व्यवसायातील सर्वांत किचकट काम ठरले आहे.

याचे मूळ १९३३ मध्ये आहे. दारूबंदी उठवणाऱ्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने मद्यावरील नियंत्रण राज्यांकडे सोपवले आणि बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक विक्रेता, किरकोळ दुकानदार अशी त्रिस्तरीय व्यवस्था उभारली. मोजक्या पेट्या काढणाऱ्याचा माल घाऊक विक्रेते सहसा उचलत नाहीत, त्यामुळे थेट विक्रीवाचून आम्हाला पर्याय नव्हता.

ती वाट मोकळी करण्यात आमच्याच राज्यातील वायनरी-मालक जुआनिटा स्वीडनबर्ग यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी न्यूयॉर्कच्या कायद्याला आव्हान दिले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, स्वतःच्या राज्यातील वायनऱ्यांना थेट विक्रीची मुभा देऊन परराज्यातील वायनऱ्यांना ती नाकारता येणार नाही. त्यांच्याविषयी आम्हाला अपार कृतज्ञता वाटते. मात्र या निकालाने समान वागणूक मिळाली, पाठवण्याचा हक्क नव्हे; राज्याने सर्वांनाच सारखी मनाई केली, तर ती टिकते. युटामधील ग्राहकांना म्हणूनच आम्हाला नकार द्यावा लागतो.

जिथे परवानगी आहे, तिथेही राज्यागणिक वेगळा परवाना, वेगळा कर आणि वेगळे विवरणपत्र असते. न्यूयॉर्कमध्ये एका ग्राहकाला वर्षाला ३६ पेट्यांची मर्यादा आहे. तिची आम्हाला कधीच अडचण झाली नाही. खरा भार कागदपत्रांचा आहे, कारण अनेक राज्यांत एकही बाटली विकली गेली नाही तरी विवरणपत्र भरावेच लागते, आणि मोठ्या कंपनीचा स्वतंत्र विभाग जे काम करतो तेच आमच्याकडे छाटणी-तोडणी सांभाळणाऱ्या माणसांना करावे लागते. टपाल खाते मद्य स्वीकारत नाही. खासगी कुरिअर २१ वर्षांवरील व्यक्तीच्या सहीशिवाय खोके देत नाही. दिवसा घरी कोणी नसले की उन्हाळ्यात ते तापलेल्या गाडीत फिरत राहते आणि वाईन बिघडते.

सध्या परवान्याचा खर्च निघेल एवढी मागणी असलेल्या राज्यांतच आम्ही वाईन पाठवतो. कर राज्यांनी आपापला घ्यावा, पण विवरणपत्राचा नमुना सर्वत्र एकच असावा, एवढीच आमची मागणी आहे.