एमआर (गोवर-रुबेला) लसीमागच्या पेशी कुठून आल्या

बारावीला लसींचा धडा सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, लसीत बाळाचे तुकडे असतात म्हणे?" कुणाच्या तरी मोबाइलवर तसा मेसेज फिरलेला असतो. मी त्यांना गप्प बसवत नाही. मेसेज खोटा असला तरी त्यामागची गोष्ट खरी आहे, आणि ती पूर्ण सांगितली पाहिजे.

विषाणू वाढवायचा तर जिवंत पेशी लागतात. पोलिओच्या सुरुवातीच्या लसी माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर बनत. १९६० मध्ये त्या पेशींत एसव्ही-४० हा माकडांचा विषाणू सापडला, आणि तोवर कितीतरी मुलांना लस देऊन झाली होती. निर्धोक, नीट तपासता येतील अशा पेशींची गरज तेव्हा सगळ्यांनाच कळली. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६२ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये डब्ल्यूआय-३८ ही सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये पुन्हा पुन्हा वाढवता येणारा पेशींचा वंश, तयार केली. स्वीडनमध्ये कायदेशीर गर्भपात झालेल्या एका गर्भाच्या फुप्फुसातल्या त्या पेशी. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये तशीच एमआरसी-५ झाली.

आमच्या रावेर-यावलच्या मुलांना पुढचं समजावणं सोपं जातं, कारण घरोघरी टिश्यू कल्चरची केळी आहे. कंदाच्या एका तुकड्यापासून हजारो रोपं होतात, पण लॅबमध्ये तुकडे करून पुन्हा वाढवणं फार वेळा केलं की रोपांत विकृती येतात, म्हणून लॅब ठराविक टप्प्यावर थांबते. मानवी पेशी तर आपणहून थांबतात. साधारण ५० वेळा दुप्पट झाल्या की पुढे विभागत नाहीत, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं. कर्करोगाच्या पेशी थांबत नाहीत. या थांबतात, म्हणून त्यांच्यावर भरवसा बसला. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत थोर वाटते.

मग या पेशी संपत का नाहीत? पेशी तरुण असतानाच शेकडो कुप्यांत भरून गोठवून ठेवल्या. एक कुपी काढायची, वाढवायची. दहा वेळा दुप्पट झाली की एका पेशीच्या १०२४ होतात. त्यासाठी नवा गर्भ लागत नाही. विषाणू बाहेरच्या द्रवात उतरतो, तो द्रव गाळून घेतात. पेशींच्या डीएनएचे अतिसूक्ष्म अंश उरू शकतात, तेही मी मुलांपासून लपवत नाही.

पुण्याच्या सीरमच्या गोवर-रुबेला लसीतले दोन्ही विषाणू अशाच मानवी डिप्लॉइड (गुणसूत्रांचे नेहमीचे दोन संच असलेल्या) पेशींवर वाढवलेले असतात. गरोदरपणी रुबेला झालेल्या बाईचं बाळ बहिरं, मोतीबिंदू किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकतं. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं अशी जन्मली. आणि पिसाळलेला कुत्रा चावला म्हणून माझ्या मामाला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या लसीची. त्या लसीने काहींना लकवाही व्हायचा. पुढे मानवी आणि इतर पेशींवर वाढवलेल्या रेबीजच्या लसी आल्या तशी ही भीती गेली.

एवढं ऐकल्यावर मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारते, "जिचा गर्भपात झाला, त्या बाईला विचारलं होतं का?" नाही. स्वीडनमधल्या त्या बाईची संमती घेतली नव्हती. तेव्हा तशी पद्धतच नव्हती, असं म्हणून मी पुढे सरकत नाही. विचारायलाच हवं होतं. माझ्या लेकीला मी ही लस दिली, पुन्हा देईन, आणि त्या बाईबद्दल दर वर्षी वर्गात सांगेन.