तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली एअरलाइन कशी निवडावी?

मी पायलट, त्यामुळे सुट्टीवर सोलापुरात आले की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, पोराचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालंय. छोट्या एअरलाइनमध्ये जाऊ देऊ का? आणि कुठल्या?" जून २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून फ्लाय९१चं गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये स्टार एअरचं मुंबईचं. तेव्हापासून तर फारच.

जाऊ द्या, खुशाल जाऊ द्या. मात्र पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

सीपीएल २०० तास उडाल्यावर मिळतं. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे त्याच्या वरचं लायसन्स लागतं, त्याला १५०० तास. मधले १३०० तास कुठे आणि किती वर्षांत भरणार, यावर पोराचं पुढचं सगळं ठरतं. म्हणून कंपनीकडे कागदावर किती विमानं आहेत ते राहू द्या, रोज उडतात किती ते काढा. विमानं दुरुस्तीला उभी असली तर को-पायलट घरी बसतो, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. २०१५ला सुरू झालेली ट्रूजेट २०२२मध्ये थांबली, हेही ध्यानात असू द्या.

मग विमान कोणतं? फ्लाय९१ आणि अलायन्स एअरकडे एटीआर, म्हणजे पंख्यांचं टर्बोप्रॉप. स्टार एअरकडे एम्ब्रेअर जेट. एकाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी, दुसऱ्याला चालत नाही. उद्या एअरबसवर जायचं तर पुन्हा शिक्षण, पुन्हा खर्च. तरीही मी एटीआरच्याच बाजूची आहे, मी तेच उडवते. तास-सव्वा तासाची उड्डाणं, एका दिवसात चार-चार लँडिंग. आपल्याकडे मे महिन्यात हवा तापून विरळ होते, तेच विमान उचलायला जास्त धावपट्टी लागते. कधी वजन कमी करावं लागतं. हा हिशेब रोज करून हात बसतो, आणि असा बसलेला हात पुढे कुठल्याही विमानावर कामाला येतो.

बॉन्ड, म्हणजे ठरावीक काळ कंपनी सोडणार नाही असा करार, वकिलाला दाखवा. टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा, मध्येच सोडलं तर किती भरायचे, हे लेखी हवं. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते, ती वेगळीच.

आणि सही करण्याआधी तिथल्याच एखाद्या नव्या को-पायलटला गाठून विचारा, "गेल्या तीन महिन्यांत किती तास उडालास?" वर्षाची कमाल मर्यादा १००० तासांची आहे, म्हणजे तीन महिन्यांच्या वाट्याला २५०. त्याचं उत्तर याच्या पासंगालाही पुरत नसेल, तर दुसरी कंपनी बघा.