तुम्ही विचारलंत म्हणून: आई या वयात एकटी बसने कशी जाते?

इमारतीतले शेजारी विचारतात, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, आणि ज्यांचे आईवडील आता थकत चाललेत अशा ऑफिसातल्या मैत्रिणी तर मनापासून काळजीने विचारतात: "अगं, अठ्ठ्याहत्तर वर्षांची तुझी आई एकटी बसने जाते? तू पाठवतेस तरी कशी?" जिन्यात उभ्याउभ्या मी काहीतरी उत्तर देते, पण ते पुरत नाही. म्हणून आज नीट लिहिते.

मुळात मी तिला पाठवत नाही, ती जाते. आमचं घर परळला, भोईवाड्याच्या बाजूला. तिला दादरला जाऊन भाजी घ्यायची असते, गुरुवारी फुलं हवी असतात, ओळखीचं कुणी केईएमला अ‍ॅडमिट असलं तर भेटून यायचं असतं. आमच्या भागात रिक्षा नाहीत, त्या सायन-वांद्र्याच्या पलीकडे. टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे, आणि ते द्यायची तयारी ठेवली तरी परळहून दादरला जायला टॅक्सीवाला हो म्हणेलच असं नाही. लोकलच्या पुलांचे जिने तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. राहिली बस. बस नसती तर तिचं बाहेर जाणं माझ्या सवडीवर राहिलं असतं, म्हणजे संध्याकाळी सातनंतर, मी दमून आल्यावर. प्रत्येक जुडी कोथिंबिरीसाठी मुलीला विचारायला लागावं, हे मला तिच्यासाठी नको आहे. तिला तर त्याहून नको आहे.

आता तुमच्या मनातली खरी भीती: पडली तर? ही भीती मलाही आहे, आणि ती कुठे कुठे आहे हे मी तिच्याबरोबर फिरून बघितलंय. धावत्या बसमध्ये, एकदा बसायला जागा मिळाली की, काळजी जवळजवळ संपते. धोका चढता-उतरतानाच्या काही क्षणांत असतो. सगळा प्रश्न पहिल्या पायरीचा आहे.

शहरी बसच्या सरकारी निकषांत तळाच्या, म्हणजे आत आपण उभे राहतो त्या फरशीच्या, जमिनीपासून तीन उंची धरलेल्या आहेत: ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण ४०० ची बस फुटपाथला लागून उभी राहिली तर आई पाय टाकते आणि आत जाते. उंच तळाच्या बसला आत पायऱ्या असतात, आणि बस फुटपाथपासून लांब, रस्त्याच्या मधे थांबली की आधी फुटपाथवरून खाली उतरायचं, मग तिथून पहिल्या पायरीपर्यंत गुडघा उचलायचा, एका हातात पिशवी. बेस्टच्या, म्हणजे मुंबईच्या शहर बससेवेच्या, नव्या विजेवरच्या बसपैकी ज्यांचा तळ खाली आहे, त्यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी फार मोठं काम केलंय. एसीचं कौतुक सगळे करतात, मला त्या खाली आलेल्या तळाचं जास्त आहे.

पण बस कितीही चांगली असो, स्टॉपसमोर टेम्पो आणि स्कूटर लावलेल्या असतील तर ड्रायव्हर फुटपाथला लागणार कसा? आई म्हणते, "ड्रायव्हरला दोष देऊ नकोस, त्याला जागाच नाही." स्टॉपच्या पुढ्यात 'दोनच मिनिटं' म्हणून गाडी लावणाऱ्यांना मी आता थांबून सांगते, की इथे एक बाई चढणार आहे आणि तिला रस्त्यात उतरायला लागेल. बरेच जण गाडी काढतात. त्यांना हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

एक प्रसंग मुद्दाम सांगते, कारण आईच्या बसप्रवासाचा सगळा भरवसा मला त्यात दिसला. आम्ही दोघी दादरहून परतत होतो. ज्येष्ठांना पुढच्या दाराने चढू देतात, म्हणून आई पुढून चढली, मी मागून. बस भरलेली. आईने दांडा धरला, पिशवी दुसऱ्या हातात, अजून तोल सावरायचा होता. कंडक्टर पार मागे होता, तरी त्याची नजर पुढे. त्याने हाताने लोकांना थोपवलं आणि तिथूनच ओरडला, "आजी, तुम्ही आधी बसा, तिकिटाला मी येतो!" पुढच्या सीटवरचा कॉलेजचा मुलगा उठला. मागून कुणीतरी "चला हो, सिग्नल पडेल" म्हणालं. कंडक्टरने बेल दिली नाही. आई बसली, पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला, आणि मग डबल बेल. सगळं मिळून आठ-दहा सेकंदं गेली असतील. तेवढ्या वेळेने त्या बसमधल्या कुणाचंही काही अडलं नाही. पण गाडी सुरू होण्याआधी आपण बसलेलो असू, याची आईला खात्री असते ती अशा सेकंदांमुळेच.

म्हणूनच विनाकंडक्टर बसबद्दल माझं मन साशंक आहे. तिकीट स्टॉपवर मिळतं, मोबाइलवर मिळतं, ते सोयीचंच आहे. पण मग दाराशी धडपडणाऱ्या बाईवर लक्ष ठेवायला उरतो तो एकटा ड्रायव्हर, समोर रस्ता आणि बाजूला आरसा सांभाळत. कंडक्टरला नुसता तिकीट फाडणारा माणूस समजून त्याचा हिशेब मांडणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट वाट बघण्याची. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. इतक्या जुन्या सेवेकडे दीड दशकापूर्वी चार हजारांवर बस होत्या, आता त्या तीन हजारांच्याही आत आल्यात. बस कमी झाल्या की नुसता वेळ वाढत नाही, गर्दी वाढते, आणि गर्दीची बस म्हातारं माणूस सोडून देतं. म्हणजे तरुणाला पंधरा मिनिटांनी मिळणारी बस आईला प्रत्यक्षात अर्ध्या तासाने मिळते. स्टॉपवर बाक असेल तर तो अर्धा तास निघतो. नसेल तर ती घरी परत येते, आणि तिच्या त्या परत येण्याची नोंद कुठेही होत नाही.

किमान भाडंही ९ मे २०२५ पासून वाढलं, साधी बस ५ वरून १० आणि एसी ६ वरून १२. बस वेळेवर येणार असेल तर त्याबद्दल आईची तक्रार नाही. तिला एकच कोडं पडतं. एसटीत पंचाहत्तरीनंतर ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर मोफत प्रवास आहे, मग पुण्याला फुकट जाता येतं आणि दादरला तिकीट काढायचं, असं का? दोन सेवा वेगळ्या, हे मी सांगते. तिला ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नाही.

तुम्हाला तुमच्या आईवडिलांसाठी हे जमवायचं असेल तर आमची पद्धत सांगते. सुरुवातीला बरोबर जायचं, पण त्यांच्या मागे बसायचं, हात धरायचा नाही. निघायची वेळ सकाळी अकरानंतर आणि परत येणं चारच्या आत. सुटे पैसे वेगळ्या छोट्या पाकिटात. पिशवी खांद्याला, हातात नाही, म्हणजे दांडा धरायला दोन्ही हात मोकळे. उतरायच्या आधी उठून दाराशी जायचं नाही; बस पूर्ण थांबली की उठायचं, आणि कंडक्टरला एक स्टॉप आधीच सांगून ठेवायचं. मार्ग बदलला तर आपण आधी जाऊन यायचं. १२ सप्टेंबर २०२५ ला एल्फिन्स्टन पूल बंद झाला आणि परळ-प्रभादेवीची वाहतूक टिळक पूल, करी रोड, चिंचपोकळीकडे वळली, तेव्हा सिद्धिविनायकाचा नवा रस्ता मी आधी एकटी बघून आले. कुठल्या स्टॉपवर बाक आहे, कुठे रस्ता ओलांडायला लागत नाही, हे सांगितलं आणि मग ती गेली.

"आता मेट्रो आली, मग बस कशाला?" असंही विचारतात. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. गिरगावात मावशीकडे जायला आई तीच घेते आणि तिला ती आवडते. पण मेट्रोच्या दारापर्यंत पोचायलाही बस लागते, आणि भाजीसाठी कुणी जमिनीखाली उतरत नाही. मावशीकडे मेट्रोने, बाजारात बसने, असं तिने तिचं ठरवून टाकलंय. रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून रविवारी ती निघत नाही. त्या फेऱ्या वाढाव्यात म्हणून आमच्या इमारतीतल्या ज्येष्ठांचं एक पत्र तयार होतंय. मजकूर आईने सांगितलाय, टाइप मी करतेय.