हबमध्ये अडकलेली पेटी : एअर कार्गोचा माझा अनुभव

एअर कार्गोने माल पाठवणार असाल तर "किती दिवसांत पोहोचेल?" हे नंतर विचारा. आधी फॉरवर्डरकडून, म्हणजे आपला माल विमान कंपनीकडे बुक करणाऱ्या एजंटकडून, प्रत्येक टप्प्यावर कोणतं विमान आहे ते लिहून घ्या. हा एक प्रश्न बुकिंगच्या वेळी झाला असता तर आमचं यंत्र इतके दिवस बंद पडून राहिलं नसतं.

माल म्हणजे यंत्राचा एक मोठा भाग. लाकडी पेटी 120 बाय 100 आणि उंची 130 सेंटिमीटर, चारही बाजूंना वर दाखवणारे बाण, शिवाय पेटी कलली तर लाल होणारं स्टिकर. पॅकिंग, निर्यातीचं कस्टम्स, पहिलं विमान, सगळं सुरळीत झालं. हबला, म्हणजे माल एका विमानातून दुसऱ्यात जातो त्या मोठ्या विमानतळाला, माल उतरल्याचं 'आरसीएफ' स्टेटस आलं आणि तिथेच थांबलं. पुढचं 'डीईपी', म्हणजे विमान सुटल्याची नोंद, काही केल्या येईना.

फॉरवर्डरचं उत्तर ठरलेलं: "जागा मिळत नाहीये, उद्याच्या फ्लाइटला टाकलंय." विमान कंपनीला विचारलं तर "तुमच्या एजंटशी बोला." आमच्याकडे फक्त हाउस एअरवे बिल, म्हणजे फॉरवर्डरने स्वतः दिलेली मालाची पावती, होतं आणि तो नंबर विमान कंपनीच्या ट्रॅकिंगमध्ये दिसतच नाही. तिथे विमान कंपनीचं मास्टर एअरवे बिल लागतं: अकरा आकडे, त्यातले पहिले तीन विमान कंपनीचे. ते पहिल्याच दिवशी मागून घ्या, देत नसतील तर हट्टाने घ्या. आम्हाला ते मिळालं तेव्हा कुठे कळलं की पेटी रोज नव्या फ्लाइटवर बुक होते आणि रोज ऑफलोड होते, म्हणजे विमानात न जाता मागेच राहते.

घोडं कुठे पेंड खात होतं ते हबवरच्या एका वेअरहाउस कर्मचाऱ्याने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. पुढचा टप्पा 737 विमानाचा होता. त्याच्या पोटातल्या कार्गोच्या दाराची उंची एक मीटरसुद्धा नसते. आमची पेटी 130, आडवी केली तरी जाणार नाही. दिवसाला कितीही उड्डाणं असोत, ही पेटी त्यातल्या एकातही चढणार नव्हती! आणि मापं फॉरवर्डरच्या बुकिंग फॉर्मवर पहिल्यापासून होती. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या संतापातच मी हे जाळं नीट समजून घेतलं. जगातला साधारण निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. ती विमानं प्रवाशांच्या सोयीने उडतात आणि आधी जागा मिळते ती प्रवाशांच्या बॅगांना. दोन मोठ्या हबमधल्या टप्प्यावर रुंद विमान असतं, तिथे 160 सेंटिमीटरपर्यंतची पेटी सहसा पोटात बसते. हबपासून लहान विमानतळापर्यंत मात्र अरुंद विमान, आणि माल अडकतो तो या शेवटच्या फाट्यावर. निव्वळ मालवाहू विमानांचे रस्ते वेगळेच. आशिया ते उत्तर अमेरिका जाणारी कितीतरी फ्रेटर अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी उतरतात, कारण वाटेत इंधन मिळणार असेल तर तेवढा जास्त माल भरता येतो. फेडेक्स या कुरिअर कंपनीने 1973 पासून अमेरिकेतल्या मेम्फिसला स्वतःची विमानं आणि स्वतःचं सॉर्टिंग असलेला हब उभा केला. 2020 मध्ये प्रवासी विमानं जमिनीवर बसली, त्यांच्या पोटातली जागा गेली, आणि त्या वर्षी मालाच्या बाबतीत मेम्फिस विमानतळ हाँगकाँगच्या पुढे गेला.

हे कळल्यावर मी "जागा" हा शब्द ऐकून घेणंच बंद केलं. रुंद विमान उतरतं असा जवळचा दुसरा विमानतळ मीच शोधला आणि तिथून पुढे ट्रक मागितला. अशा ट्रकला चक्क फ्लाइट नंबर असतो आणि माल त्याच एअरवे बिलावर जातो. फॉरवर्डरने कुरकुर केली, पण बुकिंग बदललं आणि 'डीईपी' आलं. तो मेसेज मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला.

आधी सांगायचं राहिलं: भाड्याचं बिल काट्यावरच्या वजनावरच होतं असं नाही, पेटीच्या आकारावरूनही होतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6000 ने भागा. आमच्या पेटीचं असं वजन 260 किलो निघालं, काट्यावर ती बरीच हलकी होती. कुरिअर कंपन्या बहुधा 5000 ने भागतात, म्हणजे आकडा आणखी वाढतो. सुताराकडून पेटी करून घेण्याआधीच हा हिशेब करा.

'एनएफडी' आलं, म्हणजे माल न्यायला तयार असल्याची सूचना मिळाली, की लगेच निघा, कारण मोफत साठवणुकीची मुदत संपली की भाडं चढतं. सही करण्याआधी स्टिकर बघा आणि काही बिघाड दिसला तर पावतीवरच लिहा. हवाई वाहतुकीच्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत द्यावी लागते. आमचं स्टिकर पांढरंच होतं, त्यामुळे तक्रार फक्त उशिराची केली आणि बुकिंग फॉर्मवरच्या मापांची प्रत तिला जोडली.